श्रीगंगा यांचे खाते

इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही.
गंगा म्हणतात,
आणि गुंडेवारांची हवेली बसलीय
गंगेकडे तोंड करून, रस्त्याला पाठ देऊन,
गिऱ्हाईक जिकडून यायचं तिकडे बघत.

मी पूररेषा आखायला आलो होतो.
तिपाई, पट्टी, एक शिपाई,
दोन दिवसांचा भत्ता.

राखणदार ग्यानोबा म्हणाला,
"काय मोजायलाव साहेब?
हितं मोजूनच ठिवलंय की समदं."
आणि पाणदरवाजाची कडी काढली.

भिंतीवर छिन्नीच्या रेघा.
गुडघ्याशी, कमरेशी,
एक माझ्या टोपीच्याही वर.
प्रत्येकीशेजारी शक
आणि तराजूची खूण.

पलीकडच्या काठाला तांडे थांबायचे.
मच्छलीपट्टणचं मीठ, मिरी, मंजिष्ठ
नावेतून थेट या दारात.
पायऱ्यांवर अजून गोण्यांची झीज आहे,
मधोमध, उशीला पडते तशी.

ग्यानोबाने पत्र्याची पेटी उघडली.
वही लाल फडक्यात. त्याला मोडी येत नाही,
मला दप्तरामुळे थोडी येते.
कासाराचं पान, साळ्याचं पान, सुभेदाराचं
(ते जरा घाबरत लिहिलेलं),
मग एक पान: खाते श्रीगंगा.

नावे: मीठ, पोती चाळीस.
नावे: तट्टू एक, पांढरे.
जमा: गाळ, खालच्या मळ्यास वीतभर.
नावे: मिरी, अडीच मण.
नावे: धाकटा व्यंकण्णा, वय नऊ.
जमा:

पुढे कोरं.
खालच्या ओळीपासून पुन्हा मीठ,
तेच अक्षर,
फक्त ओळी थोड्या उतरत गेलेल्या.

मी पानं उलटत राहिलो.
अक्षरं बदलली, शाई बदलली,
दर दिवाळीला बाकी पुढे ओढलेली.
चार पिढ्यांत एकानेही
त्या पानावर 'बुडीत' लिहिलं नव्हतं.

दुपारी यंत्र लावलं.
आमच्या शंभर वर्षांच्या पुरापेक्षा
त्यांची वरची रेघ दोन बोटं उंच निघाली.
शिपाई म्हणाला, "यंत्र हाललं आसंल."
मी पुन्हा लावलं. दोन बोटं.

नकाशावर मी निळी रेषा त्यांच्या रेघेवरून नेली.
आता हवेली रेषेच्या आत पडते.
तिला विकता येणार नाही, वाढवता येणार नाही.

'आधार' या रकान्यात काय लिहावं
ते सुचेना.
ग्यानोबा चहा घेऊन आला,
त्यात मीठ पडलं होतं.
मी तसाच प्यालो.