नळीच्या मधोमध

उद्यमबागेत रात्रपाळीचा भोंगा झाला
की मी टेबलावरचा दिवा खाली ओढतो.
खोक्यावरचा रणगाडा कुठल्याशा परक्या बर्फात उभा.
आतले दोनशे एकोणसाठ तुकडे
करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला अजून देठांनी चिकटलेले.
सूचनापत्रक सांगतं तसा जोडला
तर तो कोणाचाही होईल.
मला हवा एकाहत्तरच्या डिसेंबरातला,
आपला.

आपला कसा ओळखायचा,
याला पुरावा एक फोटो, तोही धुरकट.
नळीच्या टोकाला फुगवटा, तो सगळ्यांनाच असतो.
पण मधोमध आणखी एक.
मी त्याला छपाईतला डाग समजून
महिनाभर पुढे गेलो होतो.

मुतग्याचे टोपाण्णा कणबरकर
फोटो नाकाला लावून बसले, भिंग नको म्हणाले.
"डाग न्हवं रे. डबा हाय तो.
आतनं पोकळ. काय काम न्हाई त्याचं."
तेव्हा ते फौजेच्या वर्कशॉपात वेल्डर होते.
"त्यांच्याकडं बी तसलीच गाडी की.
आई एक, लेकरं दोन.
धुरळ्यात कोण कुणाचा, कळायचं कसं?
हुकूम आला, आपल्या नळीवर खोटा डबा चढवा.
चार रात्री पाठ टेकली न्हाई.
डोळे मिटले तरी डबाच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
पंपाचे बुश बाजूला सारून
लेथवर ॲल्युमिनियमचा तुकडा धरला.
व्यास साडेआठ मिलिमीटर,
भोक असं की नळी श्वास रोखून आत जावी.
मुजावर फोरमन मागे येऊन थांबले.
"कशाचा पार्ट?"
"कशाचाच नाही. खोटा आहे."
"खोट्याला एवढा टॉलरन्स?"

चिखलाला खानापूरच्या कुंभाराकडची माती आणली,
चाळली, गोंदात कालवली, साखळपट्ट्यांवर थापली.
टोपाण्णांनी चिमूट चोळून झटकली.
"ही आपल्या मडक्यांची. तिकडली राखेसारखी,
भाकरीबरोबर दातात कचकच करायची."
सगळं धुऊन काढलं.
आता रांगोळी, थोडी चहाची पूड,
आणि हाताला लागेल तेवढा अंदाज.

आकड्यांसाठी मल्लेशी पेंटरकडे गेलो.
गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या,
वर कोणती लिपी, खाली कोणती,
अक्षर किती इंच, हे तो झोपेतही सांगेल.
शून्य नंबरचा ब्रश थुंकीनं टोकदार करत म्हणाला,
"आकडे कन्नडात, का मराठीत?"
म्हटलं, इंग्रजीत.
"बरं झालं. मग कोण दगड मारायचं न्हाई."
पैसे घेतले नाहीत त्यानं,
फक्त बुरुजाचं झाकण दोनदा उघडून
आत कोणी आहे का, बघितलं.

आज रविवार.
मुतग्याच्या पडवीत, वर्तमानपत्रावर, तो उभा आहे,
एका तळव्यात मावणारा.
टोपाण्णांचं डोळ्यांवर आता फारसं चालत नाही.
त्यांचं बोट पुढून निघालं,
चाकं, टाक्या, बुरूज, मग नळी,
आणि मधोमध येऊन अडखळलं.

मी कौतुकाची वाट बघत होतो.
"लई गुळगुळीत," ते म्हणाले.
"सोनारानं केल्यागत. आमचं रातचं काम होतं बाबा."

मेणबत्तीवर सुई तापवली.
डब्याच्या कडेनं पुटीचा दोरा घातला होता,
त्यावर टोचत गेलो, एक एक ठिपका,
मुंगीच्या पावलासारखा वेल्ड.
त्यांचं नख माझ्या सुईच्या पुढे पुढे.
या गाड्यांचं पुढे काय झालं,
विचारायचं होतं, विचारलं नाही.
वर्कशॉपला फक्त पुढची गाडी कळते,
हे त्यांनी मागेच सांगितलं होतं.

तीन भाग वर्तुळ झालं आणि नख थांबलं.
"इथं," ते म्हणाले,
"इथं माझा हात हलला होता."

मी सुई पुन्हा ज्योतीत धरली
आणि जपून, अगदी मापात,
हात हलू दिला.