चव सांगणारे

सेल्विन ऑर्मरॉडचं नाक गेलं
दोन हिवाळ्यांपूर्वी, एका साध्या तापात.
ताप उतरला, खोकला गेला,
वास काही परतले नाहीत.
त्यानं कुणाला सांगितलं नाही.
नेहमीसारखा तळघरात उतरला,
अकरा पायऱ्या, डोकं सांभाळत,
पिंपाच्या लाकडी खुंटीपाशी नाक नेलं
आणि तिथं काहीच नव्हतं.
भिंत हुंगावी तसं. छे,
भिंतीला निदान ओल असते.

आम्हाला हे कळलं केव्हा, तर
'लंगडा एडका'मध्ये सलग तीन संध्याकाळ
आंबून गेलेली बिटर मुकाट प्यायल्यावर.
मुकाट, कारण इथं पेनाइन्सच्या उतारावर
पबवाल्याच्या एलला नाव ठेवणं म्हणजे
त्याच्या चुलीत पाणी ओतणं.
शेवटी विनिफ्रेड होल्ट बोलली.
त्र्याहत्तर वर्षांची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
ग्लास उजेडाकडे धरून म्हणाली,
"सेल्विन, व्हिनेगर उत्तम आहे.
मासा कधी आणतोस?"

तेव्हापासून ही रीत.
मंगळवारी पिंप येतं, दोन दिवस नुसतं आडवं पडून राहतं,
गाळ खाली बसेतो कुणी त्याला हात लावायचा नाही.
सेल्विन फक्त कान लावतो.
आत यीस्ट पुटपुटत असतं, म्हणतो,
झोपेत बोलणाऱ्या पोरासारखं.
पुटपुट थांबली की समजायचं, झालं.
गुरुवारी हातपंपाचे तीन लांब ओढे,
पहिला पाइंट आमच्यात वाटून,
आणि तो पलीकडे उभा, खांद्यावर टॉवेल,
हातात वही, निकालाला आल्यासारखा.

आम्ही कुठले चवीतले जाणकार!
मी चुन्याशिवाय दगडी कुंपणं रचतो,
मला शब्दही दगडाचेच सुचतात:
"आधी गुळगुळीत. मध्येच एक कंगोरा.
गिळल्यावर ओलं स्लेटचं छप्पर."
सेल्विन लिहितो: कंगोरा.
डग्गी बॅराक्लफनं जन्मभर बस चालवली. तो म्हणतो,
"पहाटे साडेपाचचा डेपो."
म्हणजे काय रे?
"म्हणजे गारठा, आणि कुणीतरी टोस्ट करपवलाय."
सेल्विन लिहितो: माल्ट, जास्त भाजलेला.
विनिफ्रेडला हॉप्सचा कडूपणा अर्धा सूर चढा लागतो.
शहरातून राहायला आलेल्या कॅलमला
संत्र्याची साल, अननस, देवदाराचा चीक, सगळं एका घोटात सापडतं;
आम्ही हसतो.
सेल्विन तेही लिहून घेतो.

नोव्हेंबरात खोऱ्यातली ब्रूअरी बंद पडली.
माइल्डचं शेवटचं पिंप आमच्याकडे आलं,
लहानसं, काळ्या गुळाच्या रंगाचं.
सेल्विननं वही उघडलीच नाही.
"ही मला कुणी सांगायची नाही," म्हणाला,
आणि स्वतःच ग्लास भरून
डोळे मिटून अर्धा रिचवला.
फायरप्लेसमध्ये एक ओंडका कलला, तेवढाच आवाज.
"मनुका," तो म्हणाला.
"काजळी. धुरांड्याच्या अगदी वरच्या टोकाची.
आणि माझ्या बापाच्या कोटाचा खिसा,
डावा, तंबाखूचा."

आता आमचे ग्लास.
खरं सांगतो, पातळ होती.
भांडं विसळून ओतावं तशी.
ब्रूअरीनं शेवटी शेवटी माल्टमध्ये हात आखडला असणार;
मरणाऱ्या घरात दिव्याची वात बारीक करतात तसा.
मी फेसाकडे पाहिलं. डग्गीनं बुटांकडे.
कॅलमनं तोंड उघडलं,
डग्गीनं टेबलाखालून बूट हलवला,
त्यानं मिटलं.
विनिफ्रेडनं ग्लास उजेडाकडे धरला.
व्हिनेगरला व्हिनेगर म्हणणारी ती बाई,
खूप वेळ धरून बसली.

"काजळी आहे," ती म्हणाली.
"खिसाही आहे.
मनुका मात्र जरा कमी पडली, सेल्विन."

त्यानं मान डोलावली.
"महाग झाली असेल,"
म्हणाला, आणि टॉवेलनं
कोरडाच बार पुसत राहिला.