शेवटचं पान

पान दोनशे बारा. तळाची ओळ:
"इन्स्पेक्टर सावकाश वळले, बोट रोखलं आणि म्हणाले,
खुनी दुसरं-तिसरं कुणी नसून—"
आणि पुढे थेट पुठ्ठा.

धोपाव्याच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत,
ही ओळ मी तीनदा वाचली.
फेरीबोटीचा भोंगा, एक टेम्पो, दोन रिक्षा, एक बकरी,
बकरीचं तिकीट लागतं का यावर वाद,
आणि माझ्या डोक्यात एकच:
दुधात विष कालवलं कुणी?

पान फाडलेलं नव्हतं. कापलेलं होतं.
ओढून फाडला की कागद दात दाखवतो.
ही कड सरळ, पट्टी धरून, ब्लेडने.
म्हणजे घाई नाही, राग नाही, लहान मूल नाही.
भेळवालाही नाही, त्याला एका पानात काय होतंय.

पुस्तकाच्या पोटात वाचकांचं कार्ड:
रऊफ परकार, बर्फाची फॅक्टरी.
सिस्टर मंदाकिनी, आरोग्य केंद्र.
जाक्करांची धाकटी.
पालशेतकर गुरुजी, दोनदा.
(दोनदा का? कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर नोंद केली.)

चौकशीला माझ्याइतकी सोयीची जागा पोलिसांकडेही नसेल.
दाभोळला जायचं तर माझ्यापुढे उभं राहावंच लागतं,
आणि सुटे पैसे माझ्या गल्ल्यात.
परतीची नाणी मुठीत धरून मी विचारायची,
"काय ओ, त्या बंगल्यातल्या खुनाचं काय झालं शेवटी?"

रऊफभाई म्हणाले, "डॉक्टर. मला पहिल्यापासून डाउट होता."
सिस्टर भडकल्या. "डॉक्टर कशाला करेल?
पुतण्या. तो चष्मेवाला."
जाक्करांची धाकटी कुजबुजली,
"मालकीण मेलीच नाही गो. तिनंच केलं सगळं."
गुरुजींनी छत्री टेकली.
"पहिल्या खेपेला स्वयंपाकीण निघाली.
दुसऱ्या खेपेला माळी."
"एकाच पुस्तकात, गुरुजी?"
"मलाही जरा खटकलंच," म्हणाले
आणि सुटे न घेताच बोटीकडे धावले.

रात्री बांगडे साफ करताना हिशेब मांडला.
चार वाचक, पाच खुनी, प्रेत एक,
तेही जाक्करांच्या धाकटीच्या मते जिवंत.
शेवट कुणी वाचलाच नव्हता.
शेवट प्रत्येकाला कुणीतरी सांगितला होता.
मांजर काटा घेऊन पळालं. त्याला मी काही विचारलं नाही.

शनिवारी सुट्टी टाकून पलीकडे गेले.
मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर वाचनालय, सतरा पायऱ्या.
टेबलाच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली स्टीलची पट्टी.
स्टोव्हवर चहा. केळस्करांचा एक कप,
शेजारी दुसरा, धुऊन पालथा घातलेला,
कुणी आलंच तर म्हणून.

मी पुस्तक ठेवलं. "केळस्कर, पान द्या."
त्यांनी नाकारलं नाही. खण ओढला.
एकेचाळीस पानं, निळ्या पेन्सिलीने नंबर घातलेली,
कोपऱ्यात डांबराची गोळी, कसर लागू नये म्हणून.

"गोष्ट पुरी झाली," ते म्हणाले,
"की लोक खालच्या पोराच्या हातून पुस्तक धाडतात.
एक पान राहिलं, की जिना चढतात."
एवढाच जबाब. सही घेतली नाही.

माझं पान त्यांनी काढून दिलं,
पाठ वर करून. पाठीवर केसांच्या तेलाची जाहिरात,
कमरेपर्यंत वेणी सोडलेली बाई माझ्याकडे बघून हसत होती.
तिला माहीत होतं.
नुसतं उलटायचं होतं.

मी पान परत खणात ठेवलं. पालथा कप सरळ केला.
"तुम्हीच सांगा."

केळस्करांनी चहा ओतला. खाडीकडे पाहिलं,
इतका वेळ, की माझी परतीची बोट भोंगा देऊन सुटली.
मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाले,
"पोस्टमन."

दोनशे बारा पानांत
एकही पोस्टमन आला नव्हता.