दाखल क्रमांक ४११७

बाद पुस्तकांच्या यादीत अध्यक्षांनी ह्यालाही धरलंय.
"तासगावात हा कोण वाचणार, बाई?"

कोण वाचणार.
अमेरिका नवी नवी होती तेव्हाचा मुत्सद्दी,
साडेसहाशे पानं, पाठीवर माझ्या हातची चिकटपट्टी,
गोपुराकडच्या खिडकीखाली उभा असतो
आणि बावीस वर्षांत चौदा वेळा घरोघर जाऊन आलाय.

तवनाप्पा चौगुले, बेदाण्याचे अडते,
सौदा उरकून यायचे, बोटांना गंधकाचा वास.
"रोज रात्री खर्च मांडायचा म्हणे गडी,
मेणबत्ती, शाई, न्हाव्याची दमडीसुद्धा.
आणि मरताना एवढं देणं?
नुसतं मांडलं बघा त्यानं, बेरीज कधी मारलीच न्हाई."
पान तीनशे बाराच्या कडेला
त्यांची बारीक निळी बेरीज आहे.
मी ताडून पाहिली. बरोबर आहे.

मोघे मास्तरांनी तीन सन दुरुस्त केले
आणि अनुवादकाला झापलं:
नदीला 'तो' म्हणणारा हा गृहस्थ
कृष्णेकाठचं पाणी प्यायलेला नसावा.

शहनाज बागवान काही लिहीत नाही, उभ्या उभ्या बोलते.
"बायको साडेचार पानांत मेली हो त्याची.
पान उलटलं तर लगेच जकातीचा कायदा!
तिचं नाव लेकीला दिलं, गलबताला दिलं,
पण तिला हाक काय मारायचा, ते कुठंच नाही."
मी म्हटलं, कदाचित कागद सापडले नसतील.
ती म्हणाली, "न्हाव्याचे सापडले की."

स्पर्धा परीक्षावाली ऋतुजा तोडकर
दुसऱ्या दिवशीच परत घेऊन आली. ह्यावर प्रश्न येत नाही.
जाता जाता मात्र विचारलं,
तो राजीनामा लिहितो ते पान कितवं?
उभी राहून वहीत उतरवून घेतलं.
जूनमध्ये तिनं क्लास सोडला. आता तिची आई
मला बाजारात ओळख देत नाही.

मग धम्मपाल होवाळ, वायरमन.
पाच महिने ठेवलं. दंड भरला, हुज्जत नाही.
कसं वाटलं विचारलं तर
पक्कड खिशात सरकवत म्हणाला, "शेवट बघा."
शेवट म्हणजे त्याचं मरण, मला वाटलं,
ते मी वाचलंही, पाऊस, घंटा, डॉक्टर.
शेवट तो नव्हता.

शेवटी सूची होती.
सूचीत त्याची घोडी होती, दोन कुत्रे होते,
न रुजलेला द्राक्षाचा एक वाण होता.
समतेवरच्या त्याच्या वाक्याला अकरा पानं दिलेली.
आणि त्याच्या मळ्यावरची एकशे तीस माणसं?
'गुलाम' ह्या शब्दापुढे लिहिलं होतं:
मालमत्ता पाहा.

धम्मपालनं पाहिली.
तळटिपांतून, मृत्युपत्रातून, लिलावाच्या कागदातून
एकेक नाव उचकटून काढलं
आणि शिसपेन्सिलीनं, छापील ओळींच्या मधल्या फटीत,
अकारविल्हे बसवलं.
आयझॅक, लोहार, २०४.
जूडिथ, दाई, २११, ४०९ टीप.
पीटर, वय नऊ, ५८७.
'म'पाशी जागा पुरली नाही, तिथं कागदाची पट्टी जोडलीय,
विजेच्या बिलाची, पाठकोरी.

पुस्तकात लिहिणाऱ्याला दहा रुपये दंड, हा नियम
माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे.
खोडरबर माझ्याच खणात.
मास्तरांचे सन मी कधीच पुसून टाकलेत,
ह्या पानावर एकदा रबर टेकवलंही होतं.
जूडिथच्या 'जू'ला थोडा डाग पडला, तो माझा.

मला विचाल तर
हा माणूस मला आवडत नाही.
त्याची पत्रं मात्र मी दोनदा वाचली,
आणि दुसऱ्यांदा रात्रीचे अडीच वाजले.
ह्याचं काय करायचं, मला माहीत नाही.

बाद यादीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
जीर्ण. वाळवी. मागणी नाही. ह्यातलंच लिहायचं असतं.
४११७ समोर मी लिहिलं:
सूची अपूर्ण. काम चालू आहे.

अध्यक्षांनी न वाचता सही केली.
काल मोजली, अठ्ठ्याऐंशी झालीत.
धम्मपालच्या कार्डावर पुस्तक पुन्हा नोंदवून ठेवलंय,
डीपी दुरुस्त करून आला की नेईल.