सत्तरपैकी

व्हॅलेहोत रविवारची दुपार.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून
मी चार अस्वलं मांडली आहेत.
चांदीची, अर्ध्या डॉलरची, सन छत्तीसची,
उपसागरावरचा पूल खुला झाला त्या आनंदात पाडलेली.
एकीकडे अस्वल, पलटलं की पूल.

त्या पुलात आजोबा मानुएलने रिव्हेट ठोकले होते.
पुलाच्या तोंडाशी ही नाणी विकायचे,
गाडीच्या खिडकीतून, उतरायचीही गरज नाही.
आजोबाकडे गाडी कुठली?
मेव्हण्याची मागून आणली, रांगेत लागला,
आणि दीड डॉलर मोजून अर्धा डॉलर घेतला.
तोही एकदा नाही, चारदा.
फिलोमिना आजी ह्या हिशोबावर मरेपर्यंत हसली.

आता रसेल रीनोहून फोनवर म्हणतो,
"पाठव सगळी तपासायला. आकडे आले की वाटणी सोपी."
माझा धाकटा भाऊ, त्याला आकडे आवडतात.

मार्टिनेझला त्सुकामोतोंचं दुकान आहे.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं
आणि बराच वेळ श्वाससुद्धा जपून घेतला.
"ही तीन पाठवा. सत्तरपैकी चौसष्ट मिळतील,
नशीब असेल तर सहासष्ट."
मी विचारलं, पासष्ट आणि सहासष्टात फरक काय?
"डोळ्याला दिसत नाही," ते म्हणाले, "खिशाला दिसतो."

आणि हे चौथं?
"ह्याला आकडाच देणार नाहीत.
अस्वलाचा खांदा झिजलाय. वर कुणीतरी घासलंय.
लेबलवर तेवढंच लिहितील: साफ केलेलं.
कुणी घासलं, काही कल्पना?"
नाही, मी म्हटलं.

दर ईस्टरला, चमच्यांबरोबर, खायच्या सोड्याने.
मी स्टुलावर उभी राहून पुसायला घ्यायचे.
खांदा मात्र आजोबाचा: चोवीस वर्षं
पँटच्या उजव्या खिशात, अंगठ्याखाली.

एका नाण्याचे चाळीस डॉलर,
शिवाय जायचं टपाल, यायचं टपाल, विमा.
चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,
फक्त ही कोंबडी चार आण्याची आहे की चारशेची
ते मसाला घातल्याशिवाय कळत नाही.
त्यातच सगळी गोम आहे.

अर्जात 'जाहीर किंमत' असा रकाना.
दीडशे लिहिलं, खोडलं. दोनशे लिहिलं, खोडलं.
कागद तिथे पातळ झाला.
मी स्वतः एकाहत्तरची. सत्तरपैकी
मला किती द्याल, असं त्सुकामोतोंना विचारणार होते,
पण ते जपून हसले असते, म्हणून राहिलं.

परत येतील तेव्हा जाड प्लॅस्टिकच्या डबीत येतील.
हवा नाही, बोट नाही.
आणि वाजणार नाहीत.
हे मला तिथे दुकानात सुचलं नाही,
इथे सुचलं, चौथं हातातून निसटून
टेबलावर खणखणलं तेव्हा.

मग मी रसेलला फोन लावला.
तीन पाठवते, आकडे येतील ते दोघांत वाट.
चौथं माझ्याकडे धर. किंमत शून्य लाव.

रीनोत बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागे त्याचा कुत्रा पाणी पीत होता.
"डोरीन," तो म्हणाला, "मला तेच हवं होतं."

पन्नास वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.
त्याला तो खिसा आठवत असेल
असं मला कधी वाटलंच नव्हतं. तो तेव्हा पाच वर्षांचा.

"उडव," तो म्हणाला. "आत्ता. मला पूल, तुला अस्वल."
तू इथे नाहीस.
"ऐकू येईल. तू खोटं बोलणार नाहीस."
(आज दुपारीच एकदा बोलले होते.)

उडवलं.
टेबलाच्या कडेला लागलं, फरशीवर वाजलं,
रीनोपर्यंत ऐकू गेलं,
आणि घरंगळत फ्रिजखाली.

आता मी गुडघ्यांवर आहे, हातात टॉर्च,
फोन फरशीवर, मोठ्या आवाजात.
धूळ, एक वाळका वाटाणा, आणि आत, भिंतीपाशी,
काहीतरी चकाकतंय. आडवं पडलंय एवढं खरं.
"काय पडलं?" रसेल विचारतो.
थांब, मी म्हणते.
थांब जरा.