तळेवाडीचे कान

उद्यमबागेत, दुसरी पाळी सुटल्यावर,
भरमाण्णानं पत्र्यातून कापलेले
दोन बोटांएवढे कान
मी यंत्राला चढवले.
तळेवाडीच्या गुहेतल्या वटवाघळाचे.
महिनाभर मोजत होतो तिथं,
वहीत आकडे, डोक्यावर लेंड्या.

"काय करूलालंय गा हे?"
त्याच्या बऱ्या कानाशी वाकून सांगितलं,
"वरडूलालंय. आपल्याला ऐकू येत नाही."
दारातलं कुत्रं तेवढं उठून बसलं.

दिवे घालवले.
ते निघालं. भट्टीला वळसा,
वाळूच्या ढिगाला वळसा,
डांबर फासलेल्या पाटीसमोर थांबलं:
चाळीस सेंटीमीटर. सपाट. कठीण.
खाली कुठली अक्षरं होती
ते त्याच्या हिशेबात नाही.

मग भरमाण्णाकडे वळलं.
आणि अठ्ठावीस वर्षं घणाखाली बहिरा होत गेलेला तो
श्वास धरून उभा राहिला,
अंधारात
कुणीतरी आपल्याला ऐकतंय म्हणून.