खोली क्रमांक एकशे चौदा

लोकांच्या भानगडीत नाक खुपसायचा
मला पगार मिळतो.
यॉर्कटनची शाळा, सस्कॅचेवान, जानेवारी,
बाहेर उणे एकतीस,
खिडक्या ऑक्टोबरपासून चिकटपट्टीनं बंद.
तक्रारवहीत सतरा नोंदी:
उकडलेली अंडी. ओला कुत्रा. विझलेली काडी.
एकानं नुसतं लिहिलंय, 'जुनं'.
एकीनं, 'सोमवारी जास्त'.

मी दारातच थांबलो.
पहिले तीन श्वास खरे असतात,
मग नाक जुळवून घेतं.
म्हणून तर यंत्रं लागतात.

कार्बन डायऑक्साइड, दुपारी दोनला, अकराशे चाळीस:
मुलं पेंगतील एवढा, पण त्याला वास नसतो.
आर्द्रता चौदा टक्के.
छताचे तक्ते उचलले, कोरडे.
बुरशी नाही.
हवेच्या झरोक्यात अडकलेलं एक कागदी विमान,
पंखावर कुणाचं तरी नाव, खोडलेलं.

लाव्हाली बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं.
"तसं आम्हाला माहीत आहे. म्हणजे, वाटतं.
कपाटाजवळचा शेवटचा बाक."
जोमार. आठ वर्षांचा.
आई वृद्धाश्रमात, रात्रपाळीला.
डब्यात भात आणि सुकी मासळी असायची.
"सप्टेंबरात घरी चिठ्ठी पाठवली.
तेव्हापासून ब्रेडच आणतो. तरी येतोच."
बाक तीनदा हलवला होता,
दर वेळी थोडा मागे,
आता मागे जायला जागा नव्हती.

मी त्याला काही विचारलं नाही, फॉर्मवर तसा रकाना नसतो.
त्यानंच विचारलं,
"हे मशीन माणसांचा वास घेतं?"
नाही, म्हटलं.
त्यानं बाही नाकाशी नेली
आणि पुन्हा वजाबाकीला लागला.
बाहीला साबणाचा वास होता. खूप साबणाचा.

शाळा सुटल्यावर कपाट ओढलं.
खाली जमिनीत बशीएवढी पितळी जाळी.
पूर्वी इथे मुलं मातीची भांडी करायची,
ही त्यांची मोरी.
धुराची कांडी जाळीवर धरली.
धूर खाली ओढला जायला हवा, निदान घुटमळायला.
तो उठला आणि सरळ माझ्या तोंडावर आला,
खाली कुणीतरी उसासा टाकावा तसा.

पाइपाच्या वाकात थोडं पाणी साचून राहतं.
अख्ख्या गावाचं गटार
आणि तिसरीचा वर्ग,
यांच्या मधे भिंत म्हणाल तर तेवढीच:
ओंजळभर पाणी.
ते आटलं होतं.

जुन्या यादीतून नंबर काढून
ओरिसिया हनाट्युकला फोन लावला.
सव्वीस वर्षं या मजल्याची साफसफाई तिच्याकडे,
गेल्या जूनमध्ये तिची जागा कापली.
"दर शुक्रवारी," ती म्हणाली,
"बादलीत उरलेलं पाणी तिथे ओतायचे.
कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नाही."
मग थोडं थांबून,
मागे राहिलेल्या मांजराची चौकशी करावी तसं:
"त्याला आता पाणी कोणी घालत नाही का?"

दोन जग पाणी. वर चमचाभर तेल, लवकर उडू नये म्हणून.
पाइपानं एकदा घोट गिळला
आणि गप्प झाला.

अहवाल अर्ध्या पानाचा:
कारण, कोरडा सापळा.
उपाय, महिन्याला एक जग.
खर्च, शून्य.

तीन आठवड्यांनी फेरतपासणी.
दारात तीन श्वास घेतले:
खडू, लोकर, संत्र्याची साल.
बाक होता तिथेच, कपाटाला टेकलेला;
हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.
जेवणाची घंटा झाली.
जोमारनं डबा उघडला,
झाकण आडवं धरून, कोपरानं झाकत.
आत ब्रेड होता.